‘येशूच्या नावाने’ म्हणजे नेमके काय? सामर्थ्य नावात असते की नाव धारण करणाऱ्यात?

फोंडावासी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमचे घर भजनी परंपरेतले आहे. एकादशीला हरिपाठ, श्रावणात वास्कोला दामोदराच्या सप्ताहात एखादा प्रहर हजेरी आणि ‘कलियुगात नामासारखे सोपे साधन नाही’ हे आजोबांचे पालुपद, अशा वातावरणात मी वाढलो. शेजारी दोन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) त्यांची लादाईन, म्हणजे गाऊन म्हटलेली सामूहिक प्रार्थना, होते, तेव्हा आम्हालाही आग्रहाचे बोलावणे असते. व्हायोलिनच्या साथीने लॅटिनमधले ते गाणे मला मनापासून आवडते, अर्थ मात्र फारसा कळत नाही.

यंदा एक गोष्ट लक्षात आली. प्रार्थनेत येशूचे नाव उच्चारले गेले की पुढच्या रांगेतल्या वृद्ध स्त्रिया किंचित मान लववत होत्या. त्याच कुटुंबातले काही नातेवाईक अलीकडे दुसऱ्या एका प्रार्थनासभेला जाऊ लागले आहेत. ते तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘येशूच्या नावाने’ असे मोठ्याने म्हणतात, आणि आजार, कर्ज, घरातली भांडणे या सर्वांवर तोच उपाय सांगतात. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागावर अगदी वर कोरलेली आय, एच, एस ही तीन अक्षरेही त्याच नावाची आहेत, असे मला कोणीतरी सांगितले.

माझा प्रश्न जिज्ञासेचा आहे, वादाचा नाही. ख्रिस्ती माणसाला या नावाचे सामर्थ्य वाटते ते त्या उच्चारात आहे, उच्चारणाऱ्याच्या श्रद्धेत आहे, की आणखी कशात? आपल्याकडच्या नाममहिम्याशी त्याचे कितपत जुळते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

बार्देशचा मास्तर

आपला प्रश्न चांगला आहे आणि तो विचारण्याची रीतही चांगली आहे. मी कॅथलिक आहे. मराठी शाळेत शिकलो आणि पुढे मराठीच शिकवत निवृत्त झालो, त्यामुळे हरिपाठ मलाही परका नाही.

आधी अक्षरांचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. ती तीन अक्षरे म्हणजे ग्रीक लिपीत लिहिलेल्या येशूच्या नावातली पहिली तीन अक्षरे होत. ‘मनुष्यांचा तारक येशू’ असा त्यांचा लॅटिन विस्तार पुष्कळजण सांगतात, पण तो मागाहून बसवलेला आहे. ही अक्षरे लोकांच्या डोळ्यांसमोर आणण्याचे मोठे श्रेय सिएना येथील संत बर्नार्दिन (1380–1444) यांना जाते. त्या काळी इटलीतल्या नगरांत गटातटांची वैरे पेटलेली असत आणि घराघरांच्या भिंतींवर आपापल्या गटाची चिन्हे मिरवलेली असत. बर्नार्दिन सूर्यकिरणांनी वेढलेली ही तीन अक्षरे एका फळीवर रंगवून प्रवचनाला नेत आणि गटांची चिन्हे उतरवून त्या जागी हे नाव लावा असे सांगत. गंमत अशी की याच कारणावरून त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला. फळीवरच्या अक्षरांची पूजा होऊ लागली तर ती मूर्तिपूजाच नव्हे काय, असा आरोप करणाऱ्यांचा सवाल होता. पोप पाचवे मार्टिन यांच्यासमोर चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. म्हणजे आपण आज विचारता तो प्रश्न, सामर्थ्य अक्षरात की अक्षरांमागच्या व्यक्तीत, खुद्द चर्चमध्येच पंधराव्या शतकात ऐरणीवर आला होता.

पुढे इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या नव्या धर्मसंघाला येशूचेच नाव दिले आणि हीच अक्षरे मुद्रेवर घेतली. संघाला 1540 मध्ये मान्यता मिळाली. पण साऱ्या ख्रिस्ती जगाचे नाव एकट्या संघाने स्वतःकडे घ्यावे हे अनेकांना रुचले नाही, आणि पोप पाचवे सिक्स्तस तर ते नाव बदलायलाच निघाले होते, पण त्याआधीच 1590 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. या संघाच्या सदस्यांनी, म्हणजे जेझुइटांनी, 1594 मध्ये जुन्या गोव्यात जे मंदिर बांधायला घेतले आणि ज्याचे 1605 मध्ये समर्पण झाले, तीच बॉम जेझुस बासिलिका. लोक तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला जातात, त्यामुळे वास्तू झेवियर यांच्या नावाची आहे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ती ‘भल्या येशू’ला वाहिलेली आहे.

मान लववण्याची रीत त्याहूनही जुनी आहे. 1274 मध्ये ल्यों येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असा निर्देश दिला की येशूचे नाव उच्चारले जाईल तेव्हा उपासकाने मस्तक लववावे. त्याचा आधार बायबलमध्ये, येशूचा प्रेषित संत पौल याच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे: येशूच्या नावापुढे स्वर्गातला, पृथ्वीवरचा आणि पृथ्वीखालचा प्रत्येक गुडघा टेकला जावा. तरुण पिढीत ही रीत मागे पडली आहे, हे आपण अचूक टिपले आहे. पवित्र नामाचा स्वतंत्र स्मरणदिन 3 जानेवारीला असतो. 1969 च्या फेररचनेत तो पंचांगातून वगळला गेला होता आणि 2002 मध्ये परत आला.

एक दुरुस्ती सुचवतो. लादाईन ही बहुतांशी मरियामातेची स्तुतिमाला आहे. तिच्यात एकामागून एक उपाध्या येतात त्या मातेच्या. येशूच्या नावाची स्तुतिमाला वेगळी आहे. तरीही रोझरी म्हणताना प्रत्येक ‘नमो मरिये’च्या मध्यभागी येशूचेच नाव येते, आणि जुनी माणसे नेमकी तिथे क्षणभर थांबतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. येशू हे नाव त्या काळच्या यहुदी समाजात अगदी सर्रास ठेवले जाई. मोशेनंतर इस्राएलचे नेतृत्व करणारा यहोशवा, त्याचेच हे नाव. अर्थ ‘परमेश्वर तारण करतो’. मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकात) देवदूत मरियेच्या पतीला, योसेफाला, सांगतो की त्याचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. पण त्याच नावाचे अनेकजण आजूबाजूला वावरत होते. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात युस्त या टोपणनावाचा एक येशू आहे, आणि मत्तयाच्या काही प्राचीन हस्तलिखितांत तर येशूऐवजी ज्या बरब्बा नावाच्या कैद्याला लोकांनी सोडवून घेतले त्याचेही नाव येशूच दिले आहे. रोमन सुभेदार पिलाताच्या अंगणात एकाच नावाचे दोघे उभे होते, एक सुटला आणि एक वधस्तंभावर गेला, असे वाचताना अंगावर काटा येतो. म्हणून तर ‘नासरेथचा येशू’ अशी गावाची ओळख जोडावी लागे. उच्चारातच शक्ती असती, तर ती युस्ताच्या आणि बरब्बाच्या वाट्यालाही आली असती.

ख्रिस्ती श्रद्धा असे म्हणते की या सामान्य नावाला श्रेष्ठत्व मिळाले ते त्याच्या धारकामुळे. पौलाच्या त्या वाक्याआधीचे वाक्य लोक सहसा वगळतात. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण सोसले, ‘म्हणून’ देवाने त्याला सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव दिले. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तो ‘म्हणून’ आहे.

---

नगरकर, मुक्काम वास्को

मास्तरांनी इतिहास इतका नेटका मांडला आहे की त्यात मी भर घालू इच्छित नाही. मी अहमदनगरकडचा प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग आमच्या उपासनेत गायले जातात, त्यामुळे ‘नाम’ म्हटले की आमच्याही कानात वारकऱ्यांचा टाळ वाजतोच. नोकरीनिमित्त वास्कोत आहे.

‘येशूच्या नावाने’ या शब्दप्रयोगाबद्दल लिहितो, कारण आमच्या प्रार्थनांचा शेवट बहुधा त्यानेच होतो. बायबलमध्ये एखाद्याच्या नावाने काही करणे म्हणजे त्याच्या अधिकाराने, त्याच्या वतीने करणे. गोव्यात परदेशी राहणाऱ्या भावाची जमीन इथला भाऊ मुखत्यारपत्रावर विकतो. सही त्याची असते, अधिकार दुसऱ्याचा असतो, आणि मूळ मालकाच्या इच्छेबाहेर व्यवहार केला तर मुखत्यारपत्र असूनही तो दगाच ठरतो. नावाने प्रार्थना करणे हे काहीसे असे आहे.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात याचे उदाहरण आहे. मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी जन्मापासून पांगळा असलेला माणूस भीक मागत बसला आहे. येशूचा शिष्य पेत्र त्याला सांगतो की सोने-रुपे माझ्याजवळ नाही, पण जे आहे ते देतो. नासोरी येशू ख्रिस्ताच्या नावाने चालू लाग. आणि त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. उपदेशक ‘नावाने’ या शब्दावर भर देतात. मला नेहमी तो धरलेला हात दिसतो. दुसऱ्या दिवशी धर्माधिकारी पेत्राला नेमका आपलाच प्रश्न विचारतात: तुम्ही हे कोणत्या सामर्थ्याने किंवा कोणत्या नावाने केले? सामर्थ्य आणि नाव ही त्यांच्या लेखी एकाच गोष्टीची दोन अंगे होती.

याउलट उदाहरण एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि प्रत्येक वाक्याला नाव जोडणाऱ्या मंडळींनी ते अवश्य वाचावे. इफिस नगरात स्किवा नावाच्या एका यहुदी मुख्य याजकाचे सात मुलगे भूत काढण्यासाठी येशूचे नाव मंत्रासारखे वापरू लागले: ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ घालतो.’ त्यावर भुताचे उत्तर असे की येशूला मी ओळखतो, पौल कोण हेही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? मग त्या भूतग्रस्ताने त्यांना असे बदडले की ते उघडेनागडे आणि जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव बरोबर होते, उच्चार बरोबर होता, ओळख नव्हती. येशूचे स्वतःचे शब्द तर याहून कठोर आहेत. आम्ही तुझ्या नावाने भुते काढली असे म्हणणाऱ्या काहींना तो शेवटच्या दिवशी सांगेल की मला तुमची कधीच ओळख नव्हती.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की सामर्थ्य उच्चारात नाही, आणि केवळ उच्चारणाऱ्याच्या मनोबलातही नाही. ते येशूमध्ये आहे आणि त्याच्याशी असलेल्या नात्यातून माणसापर्यंत पोहोचते. म्हणूनच गोव्यात ‘जेजू’, आमच्याकडे ‘येशू’ आणि इंग्रजी उपासनेत ‘जीझस’ म्हटले तरी बिघडत नाही.

---

टाळकरी

दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. ‘तुमचे आणि आमचे एकच’ असे म्हणून विषय मिटवण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे मात्र फरक खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

स्किवाच्या मुलांच्या शेजारी आपल्याकडचा अजामिळ ठेवून पाहा. भागवतातला हा ब्राह्मण भ्रष्ट जीवन जगला, मरताना यमदूत दिसले तेव्हा घाबरून त्याने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली, आणि त्या मुलाचे नाव नारायण होते. एवढ्यावर विष्णुदूत धावून आले. त्याला देव आठवलाही नव्हता; हाक मुलाला होती. तरी नामाने काम केले. आमच्याकडे अग्नीला नकळत हात लागला तरी भाजतोच असे यावर सांगतात. नाम आणि नामी (ज्याचे नाव तो) यांत भेद नाही, हा आमचा सिद्धांत. तुमच्या स्किवाच्या मुलांनी जाणूनबुजून येशूचेच नाव घेतले आणि मार खाल्ला; आमच्या अजामिळाने अजाणता घेतले आणि तरला. मग नाव स्वतः समर्थ आहे असे कोण मानतो? मला तरी दिसते ते असे की वारकरी नामाला अधिक मोठे मानतो आणि ख्रिस्ती माणूस नामीच्या इच्छेला.

आणखी एक. आपल्याकडे नाम हे जपायचे असते, माळेवर, अखंड. ख्रिस्ती परंपरेत असा जप आहे का?

---

साष्टीची सून

टाळकरी काकांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये असा जप आहे. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच वाक्य, गाठी मारलेल्या लोकरी दोऱ्यावर, श्वासाच्या लयीत, शेकडो वेळा म्हणतात. त्याचे मूळ दोन हाकांत आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय लोकांनी गप्प केले तरी ‘दाविदाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर’ असे ओरडत राहिला, ती पहिली. आणि मंदिरात दूर उभे राहून छाती बडवणाऱ्या जकातदाराची, ती दुसरी. या परंपरेतले गुरूही बजावतात की नुसती संख्या वाढवण्यात काही नाही.

आता अजामिळाबद्दल. नगरकर भाऊ आणि मास्तर यांनी फार कडक बाजू मांडली असे मला वाटते. शुभवर्तमानात आमचाही एक अजामिळ आहे, तो म्हणजे येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर. आयुष्यभर काही केले नाही, बाप्तिस्मा नाही, उपवास नाही, आणि मरणाच्या दारात तो म्हणतो, ‘येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.’ शुभवर्तमानांत लोक येशूला गुरुजी, प्रभू, दाविदाचा पुत्र असे हाक मारतात. काही न जोडता थेट नावाने हाक मारणारे विरळाच, आणि त्यांतला एक हा गुन्हेगार. उत्तर लगेच मिळाले: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. फरक एवढाच की त्याने हाक दुसऱ्या कोणाला मारली नव्हती.

माझ्या सासूबाई गेल्या त्या रात्री मी उशाशी होते. त्यांना दोन दिवस शुद्ध नव्हती. त्यांची धाकटी बहीण कानाशी तोंड नेऊन ‘जेजू, मारी, जुजे’ (येशू, मरिया, योसेफ) एवढेच हळूहळू म्हणत होती. मधेच ओल्या कापसाने ओठ पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. सासूबाईंना ते ऐकू येते का, त्यांचे मन त्या वेळी कुठे आहे, हे कोणीही विचारले नाही. येशूवरच्या श्रद्धेपायी दगडांचा मार खात मरणाऱ्या स्तेफनाने ‘प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ म्हटले होते. ज्याला स्वतः म्हणता येत नाही त्याच्या वतीने दुसरे म्हणतात, एवढाच त्यात भाव. तुमच्या घरांत अशा वेळी रामनाम आणि तोंडात गंगाजल असते ना? तिथे तुम्ही तरी सिद्धांत कुठे तपासता!

---

नगरकर, मुक्काम वास्को

साष्टीच्या ताईंचा आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. मीच आणखी एक वचन त्यांच्या बाजूने ठेवतो. मार्काच्या नवव्या अध्यायात योहान तक्रार करतो की कोणी एक परका माणूस तुझ्या नावाने भुते काढत होता, तो आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केले. येशू म्हणतो, मना करू नका. जो आपल्याविरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा आहे. तेव्हा नाव कोणी घ्यावे यावर पहारा बसवण्याचा अधिकार शिष्यांनाही मिळालेला नाही. स्किवाच्या मुलांना मार बसला तो परके असल्याबद्दल नव्हे, नाव धंद्याला लावल्याबद्दल, असे मी आता म्हणेन. टाळकरी यांनी दाखवलेला फरक मात्र राहतोच, आणि तो राहावा.

---

फोंडावासी (प्रश्नकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. एकच शंका उरली आहे, आणि ती व्यावहारिक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ‘माझ्या नावाने जे काही मागाल ते मी करीन’ असे स्पष्ट वचन आहे, असे शेजाऱ्यांचे ते नातेवाईक सांगतात. त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी अलीकडे रक्तदाबाची गोळी घेणे बंद केले आहे, कारण गोळी घेणे म्हणजे नावावर अविश्वास, असे त्यांना वाटते. मी परधर्मीय, मी काय बोलणार? पण आपणापैकी कोणी त्यांना काय सांगेल?

---

बार्देशचा मास्तर

आपण परधर्मीय असलात तरी शेजारी आहात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, हे सांगायला कोणताही धर्म आड येत नाही. आजच सांगा, आणि त्यांच्या मुलांच्याही कानावर घाला.

वचनाबद्दल मी असे सांगेन. नगरकरांच्या मुखत्यारपत्राचा दाखला इथे पुरता लागू पडतो: ‘माझ्या नावाने’ ही अट त्या वचनातच आहे, आणि ज्याच्या नावाने मागायचे त्याने स्वतः गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असे मागून पुढे ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हटले होते. प्याला दूर झाला नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा राहिला. आता पौलाहून अधिक विश्वास कोणाचा असेल, हे त्या गृहस्थांनाच विचारा.

त्यांना वचनेच हवी असतील तर आणखी दोन दाखवा. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. ज्या पौलाने येशूच्या नावाने आजारी बरे केले, त्यालाही एका सहकाऱ्याला आजारीच मागे ठेवावे लागले, आणि त्याबद्दल त्याने त्रफिमाच्या विश्वासाला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. आणि पहिल्या पत्रात, तीमथ्याला वरचेवर होणाऱ्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला ‘नावाने आज्ञा कर’ असे सांगत नाही. नुसते पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असे सांगतो. त्या गृहस्थांना हे वचन पटकन पटेल. फक्त त्यातला ‘थोडा’ हा शब्द त्यांना स्वतःला मोठ्याने वाचायला लावा.